उभे, आडवे आणि माठ

जगातला सगळ्यात मोठा बास वाजवणारा कोण, या वादाचा निकाल पनवेलमध्ये लागला आणि तो मी लावला. हे वाक्य कितीतरी वर्षं मनात घोळवत होते, आज एकदाचं कागदावर उतरवलं. ज्यांना ही बढाई वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावी. बढाईच आहे.

नावं मात्र मी घेणार नाही. आमचीही नाही आणि त्या परदेशातल्या मोठमोठ्या वादकांचीही नाही. आमच्यातले निम्मे आता आजोबा झालेत, नातवंडांसमोर त्यांची जुनी भांडणं कशाला काढा? आणि वादकांची नावं घेतली तर वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी लगेच "हा कसला मोठा, तो दुसरा राहिलाच की!" म्हणून दंड थोपटून उभा राहील. तो सामना मी एकदा जिंकलाय. पुन्हा खेळायची माझी तयारी नाही.

नव्वदच्या आगेमागेची गोष्ट. एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर माझ्या दादाचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट ठेवून जायचं आणि आम्ही गाणी भरून ठेवायचो. आम्ही म्हणजे खरं तर मी. दादा गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा आणि मी कॉलेज सुटलं की आतल्या खोलीत हेडफोन लावून बसायचे. आरत्या, कोळीगीतं, लग्नाची गाणी, सिनेमाची गाणी, जे येईल ते. टेप मध्येच अडकली तर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे प्रत्येक गाणं शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय सुटका नव्हती. लोक गाण्यातले शब्द ऐकतात, मला शब्दांचा इतका कंटाळा आला की मी गाण्याच्या तळाशी काय चाललंय ते ऐकायला लागले. तिथे एक जाड, शांत आवाज चालत असायचा. कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला बास म्हणतात हे मला नंतर कळलं.

रविवारी सकाळी दुकान बंद असायचं, म्हणजे शटर अर्धं खाली आणि आत दादाची मित्रमंडळी. पाच-सहा जण होते आणि सगळ्यांना एकच वेड होतं, इंग्रजी गाणी. त्यातला म्होरक्या म्हणजे डिप्लोमा. तो इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करत होता आणि ही गोष्ट दर दहा मिनिटांनी सांगायचा, म्हणून त्याचं नावच ते पडलं. त्याचा मामा जहाजावर होता. मामा सहा महिन्यांनी घरी यायचा तेव्हा पिशवीभर अस्सल कॅसेट आणायचा, सगळ्या रॉकच्या. त्या जोरावर डिप्लोमा नाकाने कांदे सोलायचा.

दुसरे मास्तर. ते शाळेत संगीत शिकवायचे आणि गावोगावी लग्नाकार्यांत वाजवणारा एक छोटा ऑर्केस्ट्रा चालवायचे. दादा त्यांच्याकडे ड्रम वाजवायचा. तरुणपणी मास्तरांनी मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये ॲकॉर्डियन वाजवलेलं, त्यामुळे त्यांच्याकडे जाझच्या जुन्या तबकड्यांची एक पेटी होती. पावसाळ्यात तबकड्यांना बुरशी धरते म्हणून त्यांनी ती पेटी दादाकडे आणून टाकली, सगळं कॅसेटवर उतरवून द्या म्हणाले. ते काम अर्थातच माझ्यावर आलं. तीन महिने मी जाझ उतरवत होते आणि त्या तीन महिन्यांत मी कायमची बिघडले.

तर रविवारी या मंडळींचा वाद चालायचा, सगळ्यात मोठा बास वाजवणारा कोण. गिटारवर किंवा गाणाऱ्यांवर कुणीही वाद घालतं. बासवर वाद घालणारे आपण पनवेलमध्ये एकटेच, याचा त्यांना फार अभिमान होता. दोन पक्ष होते. रॉकवाले बास गिटार आडवी गळ्यात अडकवून वाजवतात म्हणून ते आडवे. जाझवाले माणसाएवढं मोठं व्हायोलिन जमिनीवर उभं करून, त्याच्या कमरेला हात घालून वाजवतात म्हणून ते उभे. डिप्लोमा आडव्यांचा. उभ्यांच्या बाजूला कुणीच नव्हतं, कारण मास्तर वादात पडत नसत. ते चहा पीत ऐकायचे.

वादाला नियम होता आणि तो चांगला होता. ज्याचा पक्ष मांडायचा, त्याचा बास आधी तोंडाने वाजवून दाखवायचा. डूम, डुडूम, डूम. नुसता बास, गाणं नाही. चुकलात तर त्या दिवशी तोंड बंद. याला तोंडी परीक्षा म्हणत. मोठी बाप्ये मंडळी डोळे मिटून डूम डूम करत बसलेली असायची आणि रस्त्याने जाणारे शटरखालून वाकून बघायचे.

एका रविवारी डिप्लोमा आपल्या लाडक्या आडव्याचा बास म्हणत होता. मी आत कॅसेटवर नावं लिहीत होते. तो तिसऱ्या फेरीत दोन सूर गाळून पुढे गेला. मला राहवलं नाही. मी आतूनच बरोबर म्हणून दाखवलं.

बाहेरून डिप्लोमाचा आवाज आला, "तुला काय कळतं गं त्यातलं?"

"तू चुकलास तेवढं कळतं," मी म्हटलं.

कॅसेट लावून बघितली. तो चुकला होता. मास्तर खो खो हसले आणि त्यांनी आपल्या शेजारचं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. त्या दिवसापासून मी उभ्यांच्या पक्षाची एकुलती एक कार्यकर्ती झाले.

माझा उभा म्हणजे एक गलेलठ्ठ म्हातारा होता. तबकडीच्या वेष्टनावर त्याचा फोटो होता, झोप आल्यासारखा. तो कधी पळायचा नाही. बाकीचे वादक उड्या मारत असायचे आणि हा खाली एकेक पाऊल टाकत चाललेला, संध्याकाळी देवळात निघालेल्या माणसासारखा. पण त्याच्या चालण्यावर सगळं उभं होतं, हे मला हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू यायचं. आणि हेच बाहेर कुणाला पटवता येत नव्हतं, कारण बाहेर माठ होता.

माठाचं सांगायला हवं. तेव्हा मोठे स्पीकर कुणाला परवडत? मग बास घुमावा म्हणून लोक स्पीकर मडक्याच्या तोंडावर पालथा ठेवत. घराघरांत असे माठ होते, रिक्षांतसुद्धा मागच्या सीटमागे छोटी मडकी असायची. दादाने कुंभारवाड्यातून चांगला गरगरीत पोटाचा माठ निवडून आणला होता. तो कोपऱ्यात चुंबळीवर बसवलेला असे आणि त्याच्या पोटाला टेकवून चहाचा भरलेला ग्लास ठेवायचा. तोंडी परीक्षा झाली की ही दुसरी परीक्षा. बास वाजला आणि चहावर तरंग उठला, की सगळे ओरडायचे, "हलला!" ग्लास हलवेल तो मोठा.

डिप्लोमाचा आडवा दरवेळी ग्लास हलवायचा. गाण्यात एक सूर यायचा, तिथे माठ असा काही घुमायचा की छातीत धस्स व्हायचं आणि चहा थरथरायचा. माझ्या म्हाताऱ्याने एकदाही ग्लास हलवला नाही. आठ रविवार मी हरले. तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी, ग्लासात भोपळा. आठव्या रविवारी डिप्लोमा मोठ्या मनाने म्हणाला, "तुझा म्हातारा चांगला आहे गं. झोपताना ऐकायला." मला इतका राग आला की मी त्याच्या हातातला चहा काढून घेतला आणि पिऊन टाकला.

हरण्याचं एवढं वाईट वाटलं नसतं, पण त्याच सुमारास मास्तरांनी नवा कीबोर्ड घेतला. त्यांच्या ऑर्केस्ट्राचा बास वाजवणारा काही महिन्यांपूर्वी नोकरीसाठी आखातात गेला होता. तो वाजवायचा ती बास गिटार मास्तरांच्या मालकीची, ती आमच्या आतल्या खोलीत पडून होती. एका रविवारी मास्तर म्हणाले, "आता बासवाला शोधायला नको. कीबोर्डवर माझा डावा हात रिकामाच असतो. खालचे सूर मी दाबीन. ती गिटार काढून टाकू."

मला ती जाऊ द्यायची नव्हती. कारण एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. ते चार-पाच महिने रोज दुपारी, दादा जेवायला घरी गेला की, मी ती गिटार वाजवत होते. विजेला जोडायची सोय नव्हती आणि हिंमतही नव्हती. न जोडता तिचा आवाज डासाएवढा येतो. पण तिच्या लाकडी कडेला दात टेकवले तर सगळा आवाज कवटीत घुमतो, हे मला सापडलं होतं. तशी मी मान वाकडी करून, दात टेकवून, म्हाताऱ्याची आख्खी चाल बसवली होती. माझ्या बोटांना घट्टे पडले होते. आईला वाटायचं, कॅसेटच्या स्क्रूंमुळे पडले.

डिप्लोमालाही ती गिटार हवी होती. तो थोडीफार वाजवायचा. त्याने मास्तरांना गळ घातली. मास्तरांनी जरा विचार करून सांगितलं, "पळस्प्याकडे एक साखरपुडा आहे, तीन आठवड्यांनी. एका कार्यक्रमापुरता बासवाला घेऊन बघतो. कीबोर्डपेक्षा जास्त काही मिळालं तर ठेवू, नाहीतर गिटार गेली. कुणी वाजवायचं ते पुढच्या रविवारी तुमच्या वादातच ठरवा. ज्याला बास कळतो त्याने वाजवावा."

"मी पण आहे," मी म्हटलं.

मंडळी हसली. मास्तर हसले नाहीत. "वादात आहेस ना? मग आहेस," एवढंच म्हणाले. पण वादात ग्लास होता आणि ग्लासात मी आठ वेळा हरले होते.

गुरुवारी दुपारी मी डिप्लोमाच्याच आडव्याची कॅसेट कुणासाठी तरी भरत होते. हेडफोनवर. तो प्रसिद्ध सूर आला आणि गेला. मी टेप मागे घेतली. पुन्हा ऐकला. साधा सूर होता. आधीच्या सुराएवढाच आणि नंतरच्या सुराएवढाच. धस्स नाही, फिस्स नाही. मग मी तीच कॅसेट बाहेर माठावर लावली. तोच सूर आला आणि माठ गरजला.

मी स्पीकर उचलून बाजूला ठेवला, माठाला मिठी मारली आणि तोंड आत घातलं. आवाज जेवढा खाली नेता येईल तेवढा नेऊन हूं करायला लागले. मग हळूहळू वर चढवत गेले. माठ गप्प. आणखी वर. गप्प. आणि एका सुरावर माठ एकदम माझ्याबरोबर बोलायला लागला. त्याचं पोट माझ्या तळहातांखाली थरथरत होतं. जरा पुढे गेले की पुन्हा गप्प. मागे आले की पुन्हा सुरू. त्याचा तो एकच सूर. कुणीही, कधीही, तो सूर लावला की माठ ओरडणार आणि दुसरा कुठलाही लावला की बसून राहणार. डिप्लोमाच्या आडव्याच्या गाण्यांत तो सूर होता. माझ्या म्हाताऱ्याच्या चालीत नव्हता. बस, एवढंच होतं!

"ताई, बरं वाटत नाही का?" मागून आवाज आला. काउंटरवर एक बाई कॅसेट न्यायला आल्या होत्या. मी माठातून डोकं काढलं. केस विस्कटलेले, तोंडाला माती. "एकदम छान वाटतंय काकू," मी म्हटलं आणि त्यांना चुकीची कॅसेट दिली.

शुक्रवारी मी माठात पाणी ओतून बघितलं. एका तांब्याला सूर जरा वर गेला, दोन तांब्यांना आणखी वर. तीन तांबे झाले आणि माठाने माझ्या म्हाताऱ्याचा घरचा सूर धरला, ज्या सुरावर तो पुन्हा पुन्हा येऊन टेकतो तो. म्हाताऱ्याची कॅसेट लावली. ग्लास असा हलला की चहा बशीत सांडला.

आता खरं सांगते. शनिवारी दिवसभर मी ठरवत होते की कुणाला काही सांगायचं नाही. रविवारी लवकर जायचं, तीन तांबे ओतायचे, स्पीकर वर ठेवायचा, कुणाच्या बापाला कळणार नाही. डिप्लोमाचा आडवा चहाच्या ग्लासापुढे बावळटासारखा उभा राहील आणि गिटार माझी. आठ रविवारांचं उट्टं निघेल. पण जितका विचार करावा तितकं माझं डोकं फिरायला लागलं. कारण मग म्हातारा जिंकला असं होणारच नाही. तीन तांबे जिंकतील. आणि ज्या माठाने मला आठ वेळा फसवलं, त्याच्याच पदराखाली मी लपायचं? त्यापेक्षा माठालाच उघडं पाडलेलं बरं. मी भांडकुदळ आहे, पण चोरटी नाही.

रविवारी सगळे जमले. मी उभी राहून विचारलं, "ग्लासाची परीक्षा सगळ्यांना मान्य आहे?" मान्य. डिप्लोमाने तर हात वर केला. त्याचा आडवा लावला. सूर आला, चहा थरथरला. "हलला!" सगळे ओरडले.

मी स्पीकर उचलला आणि सगळ्यांच्या देखत तीन तांबे पाणी माठात ओतलं. स्पीकर परत ठेवला. तेच गाणं, तोच आडवा, तोच सूर. साय धरल्यासारखा चहा स्वस्थ.

मग मी म्हातारा लावला. तो आला आपला रमतगमत, टेकला आपल्या सुरावर, आणि ग्लास माठाच्या पोटावर टकटक वाजायला लागला. दादा दोन्ही हात डोक्यावर घेऊन उभा राहिला. मास्तरांनी चहा खाली ठेवला. मी एवढी खूश झाले होते की मला हसू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

डिप्लोमाबद्दल मला आजही आदर आहे तो त्यानंतरच्या पाच मिनिटांसाठी. तो चिडला नाही. उठला, स्पीकर काढला, माठात डोकावला आणि एक तांब्या पाणी काढून घेतलं. आधी आडवा लावला, मग उभा. दोघांपैकी कुणीच ग्लास हलवला नाही. आणखी एक तांब्या काढला, पुन्हा दोन्ही लावले, ग्लास ढिम्मच. मग तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "म्हणजे आठ रविवार आपण माठाला हार घालत होतो."

"हो," मी म्हटलं.

"मग सगळ्यात मोठा कोण?"

हा प्रश्न कुणीतरी विचारणार हे मला ठाऊक होतं आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं. "तो थांबला की बाकीच्यांचं गाणं कोसळेल, तो मोठा. वाजताना ऐकू येतोय का, हे बघूच नका. तो गेल्यावर काय होतं ते बघा."

"माझा थांबला तर त्याचं गाणं जरा रिकामं वाटेल," डिप्लोमा विचार करत म्हणाला. "तुझा थांबला तर..." त्याने मास्तरांकडे बघितलं. "हिला द्या मास्तर. मी आठ आठवड्यांत एकदाही माठात डोकावलो नाही. आणि मी डिप्लोमा करतोय."

मंडळीतल्या, ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एकाने, मुलगी मांडवात गिटार घेऊन उभी राहिली तर लोक काय म्हणतील, वगैरे सुरू केलं. दादा एरवी अशा वेळी खाली बघतो. त्या दिवशी म्हणाला, "हे दुकान दोन वर्षं तिच्या कानांवर चाललंय. त्यावर कधी लोक काही म्हणाले?" विषय तिथेच संपला. आईला पटवायला त्याला दोन दिवस लागले, आणि काही लपवायची गरज उरली नाही तेव्हा तिने माझ्या बोटांचे घट्टे हातात घेऊन बघितले. "स्क्रू म्हणे," ती म्हणाली.

साखरपुडा दुपारचा होता. जमीन विकून पैसे आलेलं घर, दारात नवी जीप, अंगणभर मांडव. जेवणं झाली आणि बायका नाचायला उतरल्या. मी पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला खोचून, दादाच्या ड्रमशेजारी उभी. पहिल्यांदाच दात न टेकवता मला माझा आवाज ऐकू येत होता आणि तो पायांतून वर येत होता. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त आनंद होत होता.

तीन गाणी झाली. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. ते ठीकच, पण माझ्या लक्षात आलं की मास्तर सवयीने डाव्या हाताने खालचे सूर दाबतायत. मी वाजवते तेच तेही वाजवतायत. असं असेल तर मी असले काय आणि नसले काय, मास्तरांना कधीच कळणार नाही. चौथ्या गाण्याआधी मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "मास्तर, डावा हात खिशात ठेवा."

"काय?"

"एका गाण्यापुरता. मोजायचंय ना?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, संपलं सगळं. मग त्यांनी डावा हात खरंच सफारीच्या खिशात घातला.

नाचाचं गाणं होतं, सगळ्यांच्या पायांना माहीत असलेलं. मी म्हाताऱ्याची चाल धरली. पळायचं नाही, एकेक पाऊल टाकायचं. मांडव भरला. फेर मोठा झाला, मागच्या खुर्च्यांवरच्या बायकाही उठल्या. गाणं ऐन भरात आलं, आणि मी तारांवर तळहात ठेवला. थांबले.

ड्रम चालू होता, कीबोर्ड चालू होता, गाणारा गात होता. काहीच बंद पडलं नव्हतं. तरी फेरातल्या बायका एकमेकींवर आदळल्या. कुणी पाय उचलला तो खाली कुठे ठेवायचा ते कळेना. गाणाऱ्याने गाता गाता मागे वळून बघितलं. मास्तरांचा डावा हात खिशातून बाहेर यायला लागला. तो कीबोर्डवर पोचायच्या आत मी परत सुरुवात केली, आणि सगळा फेर एका दमात वर उचलला गेला. कुणीतरी जोरात शिट्टी मारली. दादा ड्रमवर वेड्यासारखा हसत होता. मास्तरांनी हात परत खिशात घातला आणि शेवटच्या गाण्यापर्यंत बाहेर काढला नाही.

सामान आवरताना नवऱ्या मुलाची आजी आली. हिरवं लुगडं, नाकात मोठी नथ, घामाने ओलीचिंब. सगळा वेळ ती फेराच्या मधोमध होती. तिने माझ्या गळ्यातल्या गिटारला बोट लावून बघितलं.

"पोरी, तू काय वाजवतस ते मना नाय आयकू आला," ती म्हणाली. "पन तू थांबलीस तवा माजा पाय थांबला. मना वाटला, मीच मेली का काय!"

मला रडू कोसळलं. आठ रविवार हरताना आलं नव्हतं, ते तिथे मांडवात आलं. आजी घाबरली. तिने मला जवळ ओढलं आणि मास्तरांना दटावून विचारलं, "कोनाची रं पोर ही?"

मास्तर वायर गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली.

"आमची आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे बास वाजवते."